डोकं कुठे, पाय कुठे

४ मार्च, मंगळवार

ताई आली. टॅक्सीतून उतरताना ड्रायव्हरला म्हणाली, "आधी माझा पाय उतरव, मी मागून येते." खुबा निखळून हॉस्पिटलात पडून आली तरी बाईंची जीभ जागेवर आहे.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन जे सांगितलं ते इथे लिहून ठेवते, नाहीतर ती गोड बोलून मला विसरायला लावेल. खुबा परत बसवलाय, पण आतली पकड सैल झाली आहे. आणखी एकदा निखळला तर ती पुन्हा चालेल याची खात्री ते देत नाहीत. वाकायचं नाही, मांडी घालायची नाही, पाय वर उचलायचा नाही. जिनं सगळी उमेदीची वर्षं पाय डोक्यावर घेऊन काढली तिला हे सांगायचं काम माझ्याकडे.

मधली खोली तिला दिली. माझं टेबल, दिवा आणि चौकटीचे कागद स्वयंपाकघरात आणले. आता पेपरच्या पुरवणीसाठी रचायची कोडी कांद्याच्या वासात होतील. ती बरी होऊन आपल्या घरी गेली की मी सुटले.

६ मार्च, गुरुवार

व्यायाम शिकवणारी मुलगी आली. बोलणं मोजकं, हात घट्ट. ताईला भिंतीपाशी उभं करून तिनं विचारलं, "आजी, गुडघा सरळ वाटतोय?"

"अगदी सरळ."

मी पाहिलं तर गुडघा पार मागे गेलेला. मुलीनं तो बोटानं थोडा पुढे आणला. ताई ओरडली, "अगं, आता वाकडा केलास!"

"आता सरळ आहे. तुमचे सांधे गरजेपेक्षा जास्त वळतात, त्यामुळे सरळ कुठे संपतं ते तुमच्या अंगाला कळतच नाही. तुम्हाला आता थांबायला शिकायचंय. नीट उभं राहायला."

"उभं राहायला? ते मी वर्षाची असताना शिकले."

"नाही शिकलात," मुलगी म्हणाली. "तेवढंच राहिलंय."

मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. या व्यायामवालीचं आणि माझं जमणार.

९ मार्च, रविवार

ताईला वेळ जाईना म्हणून या आठवड्याच्या पुरवणीतलं माझं चित्रकोडं तिच्यापुढे ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं माझं काम हातात घेतलं असेल. समजावून सांगितलं: कडेला आकडे आहेत. ओळीसमोर 'चार, दोन' असं असेल तर सलग चार घरं काळी करायची, मध्ये मोकळी जागा सोडायची, मग आणखी दोन. आडवे-उभे सगळे आकडे जुळले की चित्र उमटतं.

बाईसाहेबांनी आकड्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मधोमध घरं काळी करत सुटल्या. "किटली आहे," म्हणे.

"अंदाजानं भरू नकोस. जिथे काही नाही हे नक्की आहे, तिथे आधी ठिपका दे. नाही ते कळलं की आहे ते आपोआप सापडतं."

"जिथे काही नाहीच तिथे मी कशाला बघू?"

शेवटी किटलीला दोन तोट्या आल्या. ते बदक होतं.

तिच्यावर चिडता चिडता मला जुन्या कंपनीचे दिवस आठवले. ती नाचायची आणि मी सगळ्यांचे पोशाख शिवायची. टिकल्यांची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर उतरवायची, एक घर म्हणजे एक टिकली. त्यातूनच पुढे ही कोडी सुचली. दौऱ्यावर बसमध्ये जागा कमी पडली की ताई पोशाखांच्या पेटीत घडी होऊन झोपायची. एकदा पेटी उतरवणारे हमाल तिला आतून शिंकताना ऐकून पळाले होते. लहानपणी लपाछपीत ती चादरींच्या फळीवर चादरींच्या मध्ये लपायची. सगळं घर शोधायचं. मला ठाऊक असायचं, पण मी सांगायची नाही. किती चांगले दिवस होते ते! आज तिच्या उशीला अभ्रा चढवताना त्या फळीचा वास आल्यासारखं झालं आणि उगाच डोळे भरून आले.

११ मार्च, मंगळवार

मास्तरांच्या मुलीचा फोन आला. मास्तर म्हणजे कंपनीचे नृत्यशिक्षक. ते गेले, आता जे उरलंय ते ही बघते. जुनं नाट्यगृह पाडणार आहेत. पाच एप्रिलला तिथे शेवटचा कार्यक्रम, जुने कलाकार एकेक करून रंगमंचावर येणार. "वेलांटीमावशी आल्याच पाहिजेत," ती म्हणाली. अक्षराला वळसा घालणाऱ्या वेलांटीसारखी वळते म्हणून मास्तरांनीच ठेवलेलं नाव. ताईचं खरं नाव पोस्टमनलाही ठाऊक नसेल.

मी सांगणारच होते की बाई अंथरुणात आहेत, तेवढ्यात ताईनं फोन ओढून घेतला आणि म्हणाली, "येते."

"येऊन काय करणार आहेस?" मी विचारलं.

"लोक मला बघायला येणार ते कशासाठी येणार?"

कमानीसाठी. मला कशाला विचारते? छाती जमिनीला टेकवायची, पाय मागून डोक्यावरून आणून तोंडाच्या दोन्ही बाजूंना रोवायचे, आणि हनुवटी तळहातावर ठेवून लोकांकडे असं बघायचं, की जणू आपण खिडकीत बसून चहाची वाट पाहतोय. लोक आधी श्वास रोखायचे आणि मग वेडे व्हायचे. मी विंगेत सुई-दोरा घेऊन उभी असायची. मीसुद्धा दर वेळी श्वास रोखायची.

संध्याकाळी कडाक्याचं भांडण झालं. मी तिला हट्टी म्हातारी म्हटलं. तिनं मला बोचरी सुई म्हटलं. सुई हे माझं कंपनीतलं नाव, त्यामुळे त्यात नवीन काही नाही.

१३ मार्च, गुरुवार

व्यायामवालीला जिन्यात गाठून सगळं सांगितलं. म्हटलं, "या वयात तिला ते जमणार नाही ना?"

ती म्हणाली, "न जमणाऱ्या माणसाची काळजी नसते हो. यांना अजून जमेल, हीच भीती आहे. एकदा वाकल्या की खुबा निसटणार."

जेवण गेलं नाही.

१५ मार्च, शनिवार

पुरवणीच्या संपादकांना नाट्यगृहाची बातमी लागली आहे. त्यांना त्या दिवसासाठी वेलांटीच्या कमानीचं चित्रकोडं हवंय. जुना फोटो घेऊन बसले. कागदावर उतरवलं, आकडे काढले, आणि नेहमीप्रमाणे दोन दिवसांनी स्वतःच कोरं करून सोडवणार होते. पण धीर धरवला नाही म्हणून लगेच सोडवलं. डोकं निघालं तिथे पाय आणि पाय निघाले तिथे डोकं. आकडे तर सगळे बरोबर. पुन्हा सोडवलं तर मूळ चित्र निघालं. म्हणजे एकाच कोड्याला दोन उत्तरं! आमच्या धंद्यात याच्याइतकी लाज दुसरी नाही. चित्रकोड्याला उत्तर एकच हवं.

ताईला दाखवलं तर ती हसून हसून उशीवर पडली. "अगं, दोन्ही बरोबर आहेत! तेव्हा मलासुद्धा कळायचं नाही डोकं कुठे नि पाय कुठे."

मग बराच वेळ तो कागद बघत बसली. मी परत मागितला तर म्हणाली, "राहू दे थोडा वेळ."

१९ मार्च, बुधवार

ताई दुपारी दार लावून घेते. आतून काही पडल्यासारखा आवाज येतो. मी धावत जाते तर म्हणते, "काही नाही, पलंगावर बसले." मघाशी ती बाथरूमला गेल्यावर डोकावले. फरशीवर खडूनं दोन पावलं काढलेली, शेजारी शेजारी. रंगमंचावर कमान कुठे करायची त्याची खूण मास्तर अशीच काढून द्यायचे.

म्हणजे सराव चाललाय. माझ्या घरात, माझ्या नाकावर टिच्चून.

व्यायामवालीला सांगितलं. ती म्हणाली, "करू द्या त्यांना." दोघींची मिलीभगत आहे की काय कोण जाणे. हिच्याबद्दलचं माझं चांगलं मत मी मागे घेते.

२३ मार्च, रविवार

नवल घडलं. ताईनं या आठवड्याचं कोडं पूर्ण सोडवलं. कागदभर ठिपके. जिथे काही नाही तिथे आधी ठिपका, मग विचार, मग एकेक घर. उत्तर जहाज होतं आणि जहाजच निघालं. मी शाबासकी दिली तर खांदे उडवून म्हणाली, "दुसरं काही करायला ठेवलंयस का मला?"

संध्याकाळी तिनं स्वतः रचलेलं एक कोडं माझ्यापुढे टाकलं. कौतुकानं घेतलं. सगळ्या ओळींना नुसता एक. उभ्या रांगांत फक्त मधल्या रांगेला आकडा, बाकी सगळी शून्यं. डोळे मिटून सुटेल असं! काळी केली घरं. उमटली एक उभी काठी.

"हे काय चित्र झालं? दिव्याचा खांब आहे का?"

"नाही."

"मग काय एक आकडा?"

"तुला नाही सुटलं," ती म्हणाली आणि कुशीवर वळली. सुटलं कसं नाही? एकूण एक घर बरोबर होतं. शिकाऊ माणसाला आपलंच कोडं अवघड वाटतं, आपण काय बोलणार. पुरवणीला ते देणं शक्यच नव्हतं. कमानीचं कोडंही जमेना, म्हणून शेवटी पडद्याचं चित्र पाठवलं. संपादक नाराज आहेत.

२६ मार्च, बुधवार

ताईनं तिच्या घरून ट्रंक मागवली. आत तो निळा पोशाख, मीच शिवलेला. टिकल्या काळवंडल्यात, पण एकही शिवण उसवलेली नाही, याचा मला अभिमान वाटला. ताई म्हणाली, "माझ्या आताच्या अंगाला बसेल असा करून दे."

पोशाख मांडीवर घेऊन बसले तर हात आपोआप जुन्या जागा शोधायला लागले. काखेत ताणाच्या कापडाची कळी, म्हणजे शिवणीत जोडलेला तुकडा, कमरेला दुसरी, पाठीवर तिसरी. दुसऱ्या नर्तकींच्या पोशाखाला एखादी कळी पुरायची, हिच्या पोशाखाला जिथे तिथे. ती दर वर्षी आणखी वाकायची आणि मी दर वर्षी आणखी सैल करायची. त्या वेळी वाटायचं, जगात असं काम करणारी मी एकटीच. ग्रीन रूममधला तो उष्ण दिव्यांचा प्रकाश, पावडरीचा आणि ओल्या कापडाचा वास, आणि तोंडात टाचण्या धरून "हलू नकोस" म्हणणारी मी. मला ते सगळं परत हवंय. आणि ताईचा पायही धड हवाय. दोन्ही कसं मिळणार?

२९ मार्च, शनिवार

एक गोष्ट केली आहे. बरी की वाईट माहीत नाही.

पाठीत आणि कमरेत, अस्तराच्या आतून, बकरमचे दोन थर घातले. शर्टाची कॉलर ताठ राहावी म्हणून घालतात तेच जाड कापड. ताणाच्या कळ्या काढून साधं, न ताणणारं कापड लावलं. वरून काही कळत नाही. टिकल्या होत्या तशा. आता हा पोशाख घालून तिला वाकायचं म्हटलं तरी कापड वाकू देणार नाही.

फसवणूकच आहे. शिवणाऱ्या बाईनं अंगात नीट न बसणारं मुद्दाम शिवायचं म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यानं मुद्दाम करपवायचं. तिला रंगमंचावर कळेल आणि चारचौघांत तिची फजिती होईल. ती माझ्याशी पुन्हा बोलणार नाही. न बोलू दे. पण चालेल तरी.

३१ मार्च, सोमवार

ताईनं पोशाख घालून बघितला. मी हूक लावले. ती आरशापुढे उभी राहिली, एक लांब श्वास घेतला, हात वर केले, खाली केले. पाठीवरून हात फिरवला. मी जमिनीकडे बघत होते.

"छान बसलाय," ती म्हणाली.

कळलं नाही तिला! म्हातारपणी अंगाची जाण कमी होते म्हणतात ते खरं असावं. मला हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

५ एप्रिल, शनिवार

निघतोय. सुया, दोरा, टाचण्या, चॉक घेतले. हॉस्पिटलाचा नंबर पर्समध्ये आहे. ताई सकाळपासून गाणं गुणगुणते आहे.

६ एप्रिल, रविवार

सगळं नीट लिहायचं आहे, म्हणून चहा घेऊन निवांत बसले आहे.

नाट्यगृह भरलं होतं. बहुतेक माणसं आमच्याच वयाची, खुर्च्यांतून उठताना एकमेकांचे हात धरणारी. मी विंगेत माझ्या नेहमीच्या जागी उभी राहिले. भिंतीवर टाचण्या खोचून खोचून पडलेली भोकं अजून होती. बोट लावून पाहिलं. इतकी वर्षं कुठे गेली असं झालं.

मास्तरांच्या मुलीनं नाव पुकारलं आणि टाळ्या थांबेनात. ताईनं काठी माझ्या हातात दिली. "धर," म्हणाली. मी म्हटलं, "ताई, नको गं." तिनं ऐकलं की नाही कोण जाणे. सावकाश चालत मधोमध गेली. वाजवणाऱ्यांनी कमानीचंच संगीत सुरू केलं. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "वेलांटी! कमान!" मग दुसरा, मग सगळेच. तिचे खांदे मागे जायला लागले. ती हालचाल मला पाठ आहे. तिथून पुढे ती कधीच थांबलेली नाही. मी डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा ती उभी होती.

मी तिला बाजूनं पाहत होते, म्हणून मला दिसलं. गुडघे मागे गेलेले नव्हते. पोट पुढे नव्हतं. कान, खांदा, कंबर, घोटा, सगळं एकाखाली एक. हात बाजूला सोडलेले. आता वाकेल, मग वाकेल म्हणून मी वाट बघत राहिले. संगीत संपलं तरी ती उभीच. काठी नाही, भिंत नाही, कुणाचा हात नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझी बहीण सरळ उभी होती.

लोकांना काही कळलं नाही. थोडी कुजबुज झाली, मग वयाचा मान म्हणून टाळ्या वाजल्या. मागच्या रांगेतला तो तर उठून बाहेर गेला. फक्त व्यायामवाली, मला न सांगता आलेली, खुर्चीतून उठून रडत रडत टाळ्या पिटत होती आणि शेजारचे तिच्याकडे बघत होते. मग मला खडूची ती पावलं, ते बंद दार, ते उभ्या काठीचं कोडं, सगळं एकदम कळलं. मी किती मठ्ठ!

ग्रीन रूममध्ये मी तिच्या पाठीचे हूक काढायला लागले. ती आरशातून माझ्याकडे बघत म्हणाली, "बकरम कुठल्या दुकानातलं गं? चांगलं आहे."

माझे हात थांबले. "तुला कळलं होतं?"

"घालताक्षणी."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू काढून टाकलं असतंस."

मी पुढचा हूक काढला. ती म्हणाली, "मी ठरवलं होतं उभंच राहायचं. पण लोकांनी हाक मारली ना, की माझं अंग माझं ऐकत नाही, ते लोकांचं ऐकतं. आज पण निघालं होतं. तुझ्या कापडानं धरलं, म्हणून मी भानावर आले."

मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "मास्तर म्हणायचे, अजून. लोक म्हणायचे, अजून. आई शेजारणींना बोलवून आणायची, बघा बघा म्हणायची. कौतुकच होतं गं सगळ्यांना, कुणाला नावं ठेवत नाही मी. पण इतक्या वर्षांत पुरे म्हणून कुणी म्हणालं नाही. मी वाट बघायची."

मी रडायला लागले, ओक्साबोक्शी, सवयीनं तोंडात धरलेल्या टाचण्या कशाबशा हातात काढून.

"रडतेस काय? म्हण ना आता."

"काय म्हणू?"

"तेच. मला ऐकायचंय."

"पुरे," मी म्हटलं. आवाज नीट आला नाही म्हणून पुन्हा म्हटलं, "पुरे गं ताई. पुरे झालं."

तिनं मान डोलावली. मी खुर्ची पुढे ओढली आणि ती बसली.